दिलेला उपवास

साळव्यांच्या घरात लेंटचा उपवास कोणी स्वतः निवडत नसे. तो दुसऱ्याने द्यायचा, असा वसुधाबाईंचा नियम होता. "आपला उपवास आपणच निवडला की त्याचा शौक होतो," असं त्या म्हणत. "चहा सोडणारे बघा. त्यांना मुळात कॉफी आवडते." ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस राखेच्या बुधवारी सुरू होतात. त्याच्या आदल्या संध्याकाळी घरात गुळाची धिरडी व्हायची. शेवटचं धिरडं ताटात पडलं की एकेकाने दुसऱ्याला सांगायचं, या लेंटमध्ये तू काय सोडायचं. कुरकुर चालत असे, नकार चालत नसे.

चर्चमध्ये हा नियम कोणाला माहीत नव्हता, आणि कळला असता तरी पटला नसता. जबलपूरच्या घमापुरातल्या त्या लहानशा घरात मात्र तो वर्षानुवर्षं चालला. एका वर्षी वसुधाबाईंनी नवऱ्याला सांगितलं, कोणाची चूक काढायची नाही. शशिकांतराव फॅक्टरीत तपासनीस होते. चुका काढण्याचाच त्यांना पगार मिळत असे. त्या लेंटमध्ये चर्चच्या गायकवृंदाने सूर सोडला की ते खिशातला रुमाल पिळत बसत. पुढच्या वर्षी त्यांनी उट्टं काढलं. "वसुधा, तू कोणाला सल्ला द्यायचा नाही." तो लेंट महिला मंडळाला फार जड गेला. मंडळाला कधी काय शिजवायचं तेच कळेना.

वसुधाबाई ऑगस्टमध्ये गेल्या. त्यामुळे यंदा कोणी कोणाला काही देणार नाही, असं त्यांच्या मुलीने, विनताने, गृहीत धरलं होतं. ती एका कॉलेजात इतिहास शिकवायची. लग्न तिने केलं नव्हतं, आणि त्यावरची घरातली चर्चाही केव्हाच दमून संपली होती. मंगळवारी ती उशिरा घरी आली तर स्वयंपाकघरात धूर. शशिकांतराव बनियनवर ओट्याशी उभे. कोपरापर्यंत पीठ.

"काय करून राहिले, पप्पा?"

"दिसून नाही राहिलं? धिरडी."

"ही धिरडी? ही तर भाकरी आहे."

"खा आणि गप बस. तुझी आई पहिल्या वर्षी याच्याहून जाड करायची. मी खाल्ली ना?"

दोघं जेवले. धिरडी कडेला करपली होती आणि मधे ओली होती, पण गूळ पुष्कळ होता. शशिकांतरावांनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले, आणि खुर्चीत सरळ बसले.

"विनता, या लेंटमध्ये तू कब्रस्तानात जायचं नाही."

विनताला आधी वाटलं, तिने चुकीचं ऐकलं. दफनापासून ती रोज संध्याकाळी कॉलेजातून थेट कब्रस्तानात जात होती. पाणी घालायचं, तण उपटायचं, माती थोपटायची आणि मग बसून आईला दिवसभराचं सगळं सांगायचं. कोणत्या मुलाने कॉपी केली, प्राचार्य काय म्हणाले, कुठलं पुस्तक अर्धवट सोडलं. घरी पप्पांशी बोलणं व्हायचं ते गॅसच्या सिलिंडरचं आणि विजेच्या बिलाचं. आणि देवाशी तर काहीच नाही. चर्चची उपासना हिंदीत असते. घरची संध्याकाळची प्रार्थना तेवढी मराठीत, आणि ती आई करायची. आई गेली त्या दिवसापासून ती कोणी उचललीच नव्हती. रविवारी विनता सगळ्यांबरोबर उभी राहायची, सगळ्यांबरोबर बसायची, आणि ओठ मिटलेले ठेवायची.

"पप्पा, हे बरोबर नाही."

"बरोबर-चूक कुठून आलं? नियम तुझ्या आईचा."

"आईने असला उपवास कधी दिला नसता."

"तिला गरज नाही पडली. तू जे बोलते ते सगळं तिथे सांडून येते. घरात रिकामी येते. मी पाहून राहिलो सहा महिने."

विनताच्या कानशिलांत रक्त चढलं. पण आता पाळी तिची होती, आणि नेमकं कुठे बोट ठेवायचं ते तिला माहीत होतं. दफनानंतर शशिकांतराव कब्रस्तानात एकदाही गेले नव्हते. नोव्हेंबरात सगळी मंडळी आपापल्या माणसांच्या कबरी साफ करायला गेली तेव्हा त्यांचा गुडघा दुखत होता. माती बसली की भेडाघाटच्या कारागिराला कबरीच्या संगमरवराचं सांगायचं होतं. तो विषय निघाला की ते उठून मांजराला दूध घालत.

"मग कब्रस्तानात तुम्ही जायचं," ती म्हणाली. "रोज. मी जाते त्या वेळेला."

शशिकांतरावांनी ताटं गोळा करून एकावर एक ठेवली.

"उपवास म्हणजे सोडणं," ते शेवटी म्हणाले. "हे तर घेणं झालं."

"तुम्ही न जाणं सोडायचं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. फॅक्टरीत सुटा भाग हातात घेऊन फिरवून फिरवून पाहत असतील तसं. कुठे चीर सापडली नाही.

"बापाशी वकिली करून राहिली."

"कुरकुर चालते," विनता म्हणाली. "नकार नाही."

बुधवारी दोघांनी कपाळावर राख लावून घेतली. संध्याकाळी कॉलेजातून निघताना स्कूटी सवयीने डावीकडे वळली. विनताने ती चौकातून परत फिरवली, इतक्या जोरात की मागच्या रिक्षावाल्याने तिच्या सात पिढ्यांची चौकशी केली. घरी आली तेव्हा पप्पा टोपी घालून, बुटांच्या नाड्या बांधून तयार होते. ड्युटीवर निघाल्यासारखे ते गेले.

त्या वेळेला घर कसं असतं, हे विनताला ठाऊकच नव्हतं. स्वयंपाकघराच्या जाळीतून ऊन आत येतं आणि थेट आईच्या बसायच्या पाटावर पडतं, हे तिने सहा महिन्यांत पाहिलं नव्हतं. तिने पुस्तक उघडलं. शोकावर, उपवासावर, वाळवंटात जाऊन राहिलेल्या जुन्या संतांवर तिने पुष्कळ वाचलं होतं. विद्यार्थ्यांसमोर दोन तास सहज बोलली असती. पण दुपार संपल्यावर आणि दिवा लावायच्या आधी माणसाने करायचं काय, हे त्यातल्या एकानेही लिहून ठेवलं नव्हतं. तिने पुस्तक मिटलं आणि तांदूळ निवडत बसली. ते आधीच निवडलेले होते.

पप्पा परत आले.

"जाऊन आले?"

"आलो."

रोज एवढंच. पहिल्या रविवारी मात्र ती सकाळपासून मनाशी जुळवाजुळव करत होती. चर्चहून आल्यावर म्हणाली, "पप्पा, रविवार लेंटमध्ये मोजत नाहीत. तो पुनरुत्थानाचा दिवस. त्या दिवशी उपवास नसतो."

"अगदी बरोबर," वर्तमानपत्रातून डोकं न काढता ते म्हणाले.

"मग संध्याकाळी मी जाऊन येते."

"जा ना. मग मी नाही जात. रविवार माझाही आहे."

विनता किल्ली हातात घेऊन उभी राहिली. आज ती गेली असती, ते राहिले असते, आणि सोमवारी त्यांचा गुडघा पुन्हा दुखला असता. तिने किल्ली खिळ्याला अडकवली.

"चलो," पेपरची घडी घालत शशिकांतराव म्हणाले. "संध्याकाळी मीच जातो."

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी दार वाजलं. उंबऱ्यात दीपाकाकू होत्या. आईची महिला मंडळातली जोडीदारीण, जबलपुरात तीन पिढ्या काढलेली, बोलताना कोणत्या भाषेत सुरुवात केली ते शेवटपर्यंत आठवत नसे. हातात डबा होता.

"अरे! तू घरी?" त्या म्हणाल्या. "अच्छा! मला वाटलं, आजही कुलूपच असेल."

"आजही म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? सहा महिने तुझ्या कुलपाला नमस्कार करून परत जाऊन राहिली मी. तू कब्रस्तानात, भाऊजी टपरीवर. एकदा साबुदाण्याची खिचडी आणली, ती समोरच्या शर्माजींनी खाल्ली. छान होती म्हणे."

विनताला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून लाजही वाटली. "फोन करायचा ना, काकू."

"फोनवर काय करते मी? मला तुझ्या घरात बसून रडायचं होतं. वसुधा माझीही होती की नाही? का फक्त तुम्हा साळव्यांची?"

त्या आल्या, आईच्या पाटाशेजारी खाली बसल्या आणि सांगितल्याप्रमाणे खरोखरच रडल्या. विनता त्यांच्याजवळ बसून राहिली. आपलं दुःख आपण कुलूप लावून बाहेर नेत होतो आणि दाराशी माणसं उभी होती, हे तिला पहिल्यांदा दिसलं. कुठल्याही पुस्तकाशिवाय दिसलं.

डोळे पुसून काकू कामाला लागल्या. लेंटमध्ये दर शुक्रवारी कोणाच्या ना कोणाच्या घरी प्रार्थनासभा भरते. "शेवटच्या आधीचा शुक्रवार तुमचा असायचा," त्या म्हणाल्या. "लिहू?"

"बघते, काकू."

"बघते म्हणजे नाही. मी बाकीच्यांना सांगून राहिली, हो आहे."

मार्चच्या मध्यावर आईचा वाढदिवस आला. त्या दिवशी विनताला वर्गात स्वतःचाच आवाज लांबून ऐकू येत होता. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर तिने निशिगंध घेतला आणि स्कूटी डावीकडे वळू दिली. आत जायचं नाही, हे तिचं पक्कं होतं. फक्त फाटकापर्यंत. फाटक म्हणजे काही कब्रस्तान नव्हे, असं तिने वाटेत स्वतःला समजावलं. असल्या युक्तिवादाला आई कशी हसली असती, तेही तिला ठाऊक होतं.

फाटकाच्या गजांतून पार टोकाची नवी बाजू दिसते. आईच्या कबरीवरचा लाकडी क्रूस एका अंगाला कलला होता. तिने लावलेली सदाफुली वाळून काड्या झाली होती. कबरीवर कोणी पाणी घातल्याची, कोणी बसल्याची काही खूण नव्हती.

आणि फाटकाच्या आत, नळाजवळच्या सिमेंटच्या बाकावर, पप्पा बसले होते. भिंतीकडे तोंड करून, हात गुडघ्यांवर.

तिला सगळं एकदम कळलं. ती कब्रस्तान म्हणाली होती, कबर म्हणाली नव्हती. शब्दाला पक्का माणूस. रोज येत होता, रोज इथे बसत होता, आणि "आलो" हे रोज खरं होतं.

आधी राग आला. नळ होता, बादली होती. एक बादली पाणी, बस्स. आत जावं, त्यांच्या समोरून भरलेली बादली घेऊन जावं, क्रूस सरळ करावा, आणि एक शब्दही बोलू नये. तिचा हात फाटकाच्या कडीवर गेला. लोखंड अजून तापलेलं होतं. तेवढ्यात शशिकांतराव उठले. पायवाटेवर थोडे पुढे गेले, कबरींच्या पहिल्या रांगेच्या तोंडाशी उभे राहिले, आणि परत येऊन बाकावर बसले. थंडीत ग्वारीघाटावर नर्मदेत उतरणारा माणूस पाऊल बुडवतो आणि मागे घेतो, तसे.

विनताने कडीवरून हात काढला. फुलं घेऊन ती घरी आली आणि स्टीलच्या पेल्यात घालून टेबलावर ठेवली.

शशिकांतराव आले, टोपी काढली, फुलांकडे पाहिलं.

"तू आली होती."

"फाटकापर्यंत."

"आत काहून नाही आली?"

"दिलेला उपवास आहे."

ते हळूच खुर्चीत बसले. "मी तिच्यापर्यंत जात नाही, विनता. नळाजवळ बसतो."

"पाहिलं."

"खोटं नाही बोललो."

"माहीत आहे."

"त्या दिवशी मला लोकांनी दोन्हीकडून धरून नेलं होतं. माझे पाय जमिनीला लागले की नाही, तेही आठवत नाही. स्वतःच्या पायाने मी तिथे अजून गेलोच नाही." त्यांनी टोपी टेबलावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. "उचलतच नाही पाय."

विनताला वाटलं, हा उपवास आपण रागात दिला. मारायला दगड उचलावा तसा. ती म्हणाली, "मी बदलून देते, पप्पा. दुसरं काही सांगते. विडी सोडा."

"विडी मी दोन हजार आठमध्ये सोडली."

"मग मिरची."

"नाही." त्यांचा आवाज एकदम फॅक्टरीतला झाला. "दिलेला उपवास बदलत नाहीत. उद्या पहिल्या रांगेपर्यंत जातो. परवा दुसऱ्या. लंगडत का होईना, जातो."

दुसऱ्या दिवशी ते आले ते दारातूनच बोलत. "पहिल्या रांगेत कोण आहे सांग. अच्युत मास्तर! आयुष्यभर चर्चच्या गाण्यात ताल सोडला, आणि कबरही रांग सोडून खोदली आहे त्यांची. हातभर बाहेर."

"त्यांना सांगितलं?"

"सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. पहिल्यांदाच."

मग मास्तरांच्या गोष्टी निघाल्या. ऑर्गनमध्ये एकदा चिमणीने घरटं केलं आणि अंडी फुटेपर्यंत मास्तरांनी ऑर्गन वाजवू दिला नाही. तेवढे दिवस म्हणे गाणं सर्वांत चांगलं झालं. जेवणं थंड झाली. त्यानंतर रोज एक रांग पुढे. प्रवचनात झोपणाऱ्या आणि आमेनला बरोबर जागं होणाऱ्या शर्मिलाबाई. नवऱ्याच्या कबरीशेजारची जागा आधीच राखून ठेवलेली आणि मग नातवाकडे कॅनडात जाऊन वारलेली एक आजी. जी माणसं विनताला नुसती नावं म्हणून माहीत होती ती संध्याकाळी टेबलाशी येऊन बसू लागली. ती प्रश्न विचारू लागली. एकदा पप्पांची आठवण चुकीच्या वर्षाची निघाली, ती तिने सुधारली, ते चिडले, दोघं भांडले, चांगलं तोंडभरून. ऑगस्टपासून त्या घरात भांडणसुद्धा झालं नव्हतं.

पण रांगा संपत आल्या तसे शशिकांतराव पुन्हा कमी बोलू लागले. आणि नेमका त्यांच्या घरचा शुक्रवार आला.

विनताने सतरंजी अंथरली होती, चहाचं पाणी मापून ठेवलं होतं. शशिकांतराव बूट घालून दारात उभे होते, बराच वेळ.

"आज तिचीच रांग आहे," ते म्हणाले.

"हो."

"तू चल."

ती वळली.

"मी सूट देऊन राहिलो," ते घाईने म्हणाले. "उपवास मी दिला, मी सोडवतो. आईचा नियम आहे, पण आई काही ओरडायला नाही येत. चल बेटा. दोघं जाऊ."

ऑगस्टपासून विनताला कोणी इतकं हवं असलेलं काही देऊ केलं नव्हतं. चपला दाराशीच होत्या. पण आपण गेलो तर काय होईल, ते तिला स्वच्छ दिसलं. ती पुढे होईल. ती पाणी आणेल, क्रूस सरळ करेल, माती थोपटेल, आईशी बोलू लागेल. आणि पप्पा मागे हात बांधून उभे राहतील, पुन्हा एकदा कोणीतरी नेलं म्हणून आलेले.

"नाही, पप्पा. दिलेला उपवास बदलत नाहीत. तुम्हीच म्हणाले."

"बापाची चूक काढून राहिली."

"तुम्हीच शिकवलं."

त्यांनी शेवटचा उपाय काढला. "घरी बायका येणार. प्रार्थना कोण करेल? तू तर करत नाही."

"करते मी," विनता म्हणाली. तोंडातून निघून गेल्यावर तिलाच ते ऐकू आलं. मग तिने ते पुन्हा, नीट ऐकून म्हटलं. "मी करते. तुम्ही जा."

शशिकांतरावांनी टोपी घातली. पायऱ्या उतरताना कठड्याला हात लावला नाही. गल्लीच्या वळणावर क्षणभर थांबले. विनता दारातून हलली नाही आणि तिने हाकही मारली नाही. मग ते वळणापलीकडे गेले.

बायका आल्या. दीपाकाकूंनी घरभर नजर फिरवली. "भाऊजी?"

"कब्रस्तानात."

"आज? घरी सभा असून?"

"आजच."

काकूंनी आणखी विचारलं नाही. एक हिंदी भजन झालं. मग सगळ्यांनी डोकी झुकवली आणि शांतता विनताच्या दिशेने सरकली.

"मी मराठीत करेन," ती म्हणाली.

"कर ना बेटा," काकू म्हणाल्या. "त्याला सगळं समजतं. आम्हालाही निम्मं समजतं."

विनताने डोळे मिटले. आईची वाक्यं तिला तोंडपाठ होती. ती लागोपाठ येऊन उभी राहिली, एकाहून एक सुंदर. तिने ती बाजूला ठेवली.

"देवा," ती म्हणाली, "माझे पप्पा आत्ता एकटे चालत आहेत. मी गेले नाही. मला जायचं होतं, अजूनही जायचं आहे. तू होतास तरी आई गेली, त्याचा मला राग आहे आणि तो संपलेला नाही. तो संपल्यावर तुझ्याशी बोलेन असं मी ठरवलं होतं. पण तसं करत बसले तर जन्म जाईल." तिचा आवाज थांबला. कोणीतरी नाक ओढलं.

"आमेन," काकू हळूच म्हणाल्या, तिला सोडवायला.

"अजून झालं नाही, काकू," विनता म्हणाली, आणि पुढे बोलू लागली.